प्रार्थनेची वही, कार्डे, ॲप आणि साखळी : खंड पडल्यावर कोणते साधन कामी येते?

प्रार्थनेचे साधन माणूस बहुधा उत्साहाच्या भरात घेतो. नव्या वर्षाचा पहिला आठवडा असतो, उपास-प्रार्थनेची नुकतीच सांगता झालेली असते, किंवा एखाद्या संदेशाने मन हलवलेले असते. त्या दिवशी कुठलीही वही छान वाटते. पाठकोऱ्या कागदावरसुद्धा तास निघून जातो. साधनाचा कस लागतो तो पुढे कधीतरी. तेविसाव्या दिवशी म्हणा. मागितलेले मिळालेले नसते, मधले चार दिवस सुटलेले असतात आणि गुडघे टेकले तरी तोंडून शब्द फुटत नाही.

इथे चार साधने तपासली आहेत: प्रार्थनेची वही, वचनांची कार्डे, मोबाइलवरचे प्रार्थनेचे ॲप आणि मंडळ्यांमधून चालणारी प्रार्थनासाखळी, म्हणजे अनेकांनी पाळ्या वाटून घेऊन सलग चालवलेली प्रार्थना. पहिली तीन वस्तू आहेत, चौथी सेवा. चारही साधनांना कसोटी एकच लावली आहे: खंड पडलेल्या माणसाला हे साधन पुन्हा देवासमोर आणून बसवते, की आणखी लांब लोटते?

ही कसोटी पवित्र शास्त्रातल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातून घेतली आहे. दानीएल तीन आठवडे शोक करीत होता. रुचकर अन्न, मांस, द्राक्षारस यांना त्याने तोंड लावले नाही. पहिल्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी हिद्दकेल नदीच्या काठी त्याला दर्शन झाले आणि सांगण्यात आले, की तुझे शब्द पहिल्याच दिवशी ऐकले गेले होते. पण पारसाच्या राज्याच्या अधिपतीने, म्हणजे एका विरोधी आत्मिक सत्तेने, निरोप आणणाऱ्याची वाट एकवीस दिवस अडवली आणि आद्यदूत मीखाएल मदतीला आला. आता हे नीट वाचावे. त्या तीन आठवड्यांत दानीएलाला यातले काहीच ठाऊक नव्हते. पाचव्या दिवशी त्याला कोणी येऊन सांगितले नाही, की वर झुंज चालू आहे. त्या अधिपतीशी तो एक शब्दही बोलला नाही. तो देवाशी बोलत राहिला. ऐकणे पहिल्या दिवशी झाले आणि उत्तर एकवीस दिवसांनी हाती आले. मधले दिवस मात्र दानीएलाच्या हातात होते. शत्रूला आपल्याकडून हवे असते ते एवढेच, की मधल्या कुठल्यातरी दिवशी आपण उठून जावे. म्हणून साधन निवडताना पाहायचे ते मधल्या दिवसांकडे.

एक सावधगिरी इथेच सांगितली पाहिजे. उत्तराला उशीर का झाला, हे पवित्र शास्त्राने दानीएलाच्या बाबतीत सांगितले. प्रत्येक उशिराचे कारण तेच असते असे म्हटलेले नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला आणि 'माझी कृपा तुला पुरे' हे उत्तर आले. त्यामुळे उत्तर न मिळण्याचे कारण जे साधन छापून देते, ते त्याला माहीत नसलेली गोष्ट सांगत असते.

तारखा छापलेली वही

बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो हाच प्रकार: ३६५ पाने, प्रत्येकावर तारीख, वर एक वचन, खाली आठ-दहा रेघा. छपाई सुबक असते, फीत असते, भेट द्यायला शोभते. आमच्या कसोटीवर मात्र ती पहिल्याच चाचणीत पडते. चार दिवस सुटले की चार कोरी पाने राहतात. पाचव्या दिवशी वही उघडली की आधी ती पाने दिसतात, मग आजचे पान. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात सैतानाला 'आपल्या बंधूंना दोष देणारा' म्हटले आहे, रात्रंदिवस दोष देणारा. त्याचे काम वहीने करू नये. अशा वह्या मार्चमध्ये बंद पडतात याला आळसाइतकेच त्यांचे पान कारणीभूत असते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. आत्मिक युद्धाच्या नावाने निघणाऱ्या काही वह्यांत 'आजचा हल्ला', 'शत्रूची चाल' असे रकाने असतात. पहिल्या आठवड्यात ते भरायला जोर येतो. दुसऱ्या आठवड्यापासून माणूस दिवसभर हल्लेच शोधत राहतो: दूध उतू गेले, गाडी बंद पडली, मूल किरकिरले. रकाना आहे म्हणून तो भरायचा! महिन्याभरात वहीत देवापेक्षा सैतानाचा उल्लेख जास्त होतो. इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय समोर ठेवून पाहा. शत्रू कोण आहे हे पौल एका वचनात सांगतो, बाराव्या. बाकी सगळी जागा उभे राहण्याला, शस्त्रसामग्रीला आणि प्रार्थनेला दिली आहे. आणि शेवटी स्वतःसाठी तो काय मागतो? तो बेड्यांत आहे, पण सुटका मागत नाही. तोंड उघडल्यावर निर्भयपणे सुवार्ता सांगता यावी, एवढेच मागतो. यहूदाच्या पत्रात तर आद्यदूत मीखाएलसुद्धा सैतानाला स्वतः दूषण देत नाही. 'प्रभू तुला धमकावो' म्हणून थांबतो. ज्या वहीत शत्रूला उद्देशून लांबलचक घोषणा छापलेल्या आहेत, ती घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

अशा वह्यांत एक गोष्ट मात्र चांगली असते, ती म्हणजे सुरुवातीला दिलेला शस्त्रसामग्रीचा तक्ता. तो वापरावा, पण चित्र रंगवण्यासाठी किंवा सकाळी एकेक शस्त्र 'चढवल्याचा' अभिनय करण्यासाठी नव्हे. यशयाच्या एकोणसाठाव्या अध्यायात नीतिमत्त्वाचे उरस्त्राण आणि तारणाचे शिरस्त्राण परमेश्वर स्वतः घालतो. पौल तीच देवाची शस्त्रे विश्वासणाऱ्याला देतो आहे. म्हणून तक्त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न लिहून ठेवावा. सत्याचा कमरबंद: आज मी कोणाशी खोटे बोललो का, कोणापुढे काही लपवतो आहे का? उरस्त्राण: कबूल न केलेले पाप घेऊन बसलो आहे का? पायांतली शांतीची सुवार्ता: कोणाशी अबोला आहे? ढाल: कालपासून कोणता एक विचार टोचतो आहे? शिरस्त्राण: माझे तारण माझ्या प्रार्थनेवर अवलंबून आहे असे मी धरून चाललो आहे का? तलवार: त्या टोचणाऱ्या विचाराला कोणते वचन उत्तर देते? सहा प्रश्न, तीन मिनिटे. तक्त्याचा एवढा उपयोग पुरेसा आहे.

कोरी वही

आमची पसंती साध्या, रेघांच्या, तारीख नसलेल्या २०० पानी वहीला आहे. आकार ए-५ असावा, म्हणजे १४.८ बाय २१ सेंटिमीटर. मांडीवर ठेवून लिहिता येते आणि पवित्र शास्त्राबरोबर एकाच पिशवीत राहते. शिवण-बांधणीची घ्यावी. स्पायरलची वही उघडी सपाट राहते खरी, पण पाने सहज फाटतात, आणि प्रार्थनेच्या वहीतले पान फाडायची सोय असूच नये. न मिळालेल्या उत्तराचे पान रागाच्या भरात फाडावेसे वाटते. तेच पान वर्षभराने सगळ्यात मोलाचे ठरू शकते.

मांडणी अशी: डाव्या पानावर त्या दिवशीच्या स्तोत्राचा क्रमांक, त्यातली हाताने उतरवलेली एक ओळ आणि दोन-तीन उपकारस्तुती. उजव्या पानावर विनंत्यांचे चार रकाने: तारखेला दोन सेंटिमीटर, विनंतीला सात, वचनाला अडीच, उत्तराच्या तारखेला तीन. प्रत्येक विनंतीला तीन ओळी सोडाव्यात, कारण पुढे तिच्यात भर पडते.

विनंती कशी लिहायची, यावर वहीचे अर्धे यश अवलंबून असते. 'भावाला आशीर्वाद दे' ही विनंती कधीच पूर्ण झाली असे कळत नाही, म्हणून तिच्यासाठी चिकाटीही राहत नाही. 'भावाचा आणि बाबांचा दोन वर्षांचा अबोला सुटू दे' ही विनंती नेमकी आहे. सुटला की कळेल, नाही सुटला तरी कळेल. विनंतीसाठी वचन निवडताना सोय पाहू नये, अर्थ पाहावा. नोकरीच्या विनंतीसमोर यहोशवाने जिंकलेल्या प्रदेशाचे वचन लिहिले की ते वचनही हातचे जाते आणि अपेक्षाही भलतीकडे वळते.

किती विनंत्या? इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. मंडळीतून, नातेवाइकांतून, फोनवरून येणारी प्रत्येक विनंती उतरवत गेले की दोन महिन्यांत साठ होतात, आणि प्रार्थनेचा हजेरीपट होतो: नाव घ्यायचे, पुढे सरकायचे. त्यापेक्षा रोजच्या पाच ठरवाव्यात आणि आठवड्याच्या प्रत्येक वारी चार. रोज नऊ होतात, आठवड्यात तेहेतीस. एका विनंतीला दीड मिनिट धरले तर नऊंना साडेतेरा मिनिटे लागतात. तेहेतिसाच्या वर नवीन आली तर जुनी एक उत्तरित म्हणून बंद व्हावी, किंवा ती दुसऱ्या कोणाकडे सोपवावी. 'मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन' असे म्हणून न करण्यापेक्षा 'आत्ताच करू या' म्हणून तिथेच दोन वाक्ये प्रार्थना करणे अधिक प्रामाणिक आहे.

रोजच्या पाचांसाठी एक जुना दाखला आहे. ब्रिस्टलच्या अनाथाश्रमांचे जॉर्ज म्युलर (१८०५-१८९८) प्रार्थना आणि उत्तरे टिपून ठेवत. नोव्हेंबर १८४४ मध्ये त्यांनी पाच व्यक्तींच्या तारणासाठी रोज प्रार्थना सुरू केली. आजारी असोत, प्रवासात असोत, एकही दिवस न चुकवता. अठरा महिन्यांनी पहिली व्यक्ती वळली. दुसरीला आणखी पाच वर्षे लागली, तिसरीला त्यानंतर सहा. उरलेल्या दोघांसाठी जवळजवळ छत्तीस वर्षे प्रार्थना करूनही ते वळले नव्हते, आणि हे त्यांनी लपवले नाही. हजारो उत्तरे नोंदवलेल्या माणसाच्या वहीत दोन ओळी उघड्याच होत्या. म्हणून उत्तराचा रकाना रिकामा दिसला की लाज वाटू नये. छापील वह्यांतल्या 'उत्तर मिळाले' अशा बरोबरच्या खुणेच्या चौकटी इथे आड येतात. त्या चौकटी भरलेल्या दिसाव्यात म्हणून माणूस सोप्या विनंत्या लिहू लागतो.

दर तीन महिन्यांनी उघड्या विनंत्या नव्या पानावर हाताने उतरवून काढाव्यात. साधारण पाऊण तास लागतो. कंटाळवाणे काम आहे, पण वहीचा सगळा उपयोग याच पाऊण तासात आहे. उतरवताना प्रत्येक विनंतीपाशी विचारायचे: ही अजून मागायची आहे का? की पौलासारखे उत्तर आधीच मिळाले आहे आणि आपणच ते ऐकलेले नाही? काही विनंत्या बदलतात. 'साहेबांची बदली होऊ दे' तिसऱ्या वेळी उतरवताना 'साहेबांशी बोलताना माझी जीभ ताब्यात राहू दे' अशी होते.

खंड पडल्यावर कोऱ्या वहीत काय करायचे, ते आधीच पहिल्या पानावर लिहून ठेवावे. आजची तारीख घालायची. सुटलेले दिवस मोजायचे नाहीत, त्यांची जागा सोडायची नाही, 'आजपासून नक्की' असा नवसही लिहायचा नाही. स्तोत्र १३ उघडायचे. सहाच वचने आहेत आणि पहिल्या दोन वचनांतच 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. ते मोठ्याने वाचायचे, रोजच्या पाच विनंत्या म्हणायच्या आणि उठायचे. पुनरारंभाचा पहिला दिवस दहा मिनिटांचाच ठेवावा. चार दिवसांची भरपाई म्हणून दोन तास बसणारा माणूस सहाव्या दिवशी पुन्हा चुकवतो.

अर्ध्या तासाची मांडणी

वही कितीही चांगली असली तरी ती उघडण्याची वेळ ठरलेली नसेल तर व्यर्थ. अर्धा तास असा वाटला तर धरून ठेवता येतो: स्तोत्र मोठ्याने वाचायला पाच मिनिटे, पापकबुलीला तीन, उपकारस्तुतीला पाच, विनंत्यांना चौदा, प्रभूच्या प्रार्थनेला तीन. रोज एक स्तोत्र घेतले तर दीडशे स्तोत्रे पाच महिन्यांत होतात. ११९ वे मात्र १७६ वचनांचे आहे, ते आठ-आठ वचनांच्या बावीस भागांत घ्यावे. स्तोत्रे क्रमाने घ्यावीत. आवडती तेवढीच घेतली तर ८८ वे कधीच येत नाही, आणि अंधारातच संपणारे ते स्तोत्र ज्या दिवशी हवे असते त्या दिवशी आपल्याला ते माहीतच नसते.

येशूसंघाचा संस्थापक, लोयोलाच्या इग्नेशियसने (१४९१-१५५६) कोरड्या दिवसांसाठी दोन सूचना दिल्या आहेत, त्या इथे फार उपयोगी पडतात. मन रमत नाही अशा दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा थोडे जास्तच बसावे, कारण शत्रूचा प्रयत्न वेळ तोडण्याचा असतो. आणि अशा दिवसांत आधीचा निर्णय बदलू नये. व्यवहारात याचा अर्थ असा, की गजर झाल्यावर लगेच उठायचे नाही, एक मिनिट जास्त बसायचे. आणि 'ही वेळ मला झेपत नाही, बदलू या' हा विचार कोरड्या आठवड्यात आला तर तो वहीत टिपून ठेवायचा, निर्णय चांगल्या आठवड्यात घ्यायचा.

वेळ पहाटेचीच हवी असे नाही. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. पंचावन्नावे स्तोत्र संध्याकाळ, सकाळ आणि दुपार म्हणते. दुपारची वेळ घेणाऱ्यांनी मात्र सावध असावे. इजिप्तच्या वाळवंटात राहणारा संन्यासी इव्हाग्रियस (मृत्यू ३९९) याने लिहून ठेवले आहे, की मरगळीचा दुरात्मा चौथ्या ताशी येतो आणि आठव्या ताशीपर्यंत जिवाला वेढून बसतो, म्हणजे साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन. सूर्य जागचा हलत नाही असे वाटायला लागते, नजर सारखी खिडकीकडे जाते, जागा नकोशी होते, माणसे आठवू लागतात. ज्याने दुपारी बंद खोलीत प्रार्थना केली आहे, त्याला यातला शब्दन्‌शब्द पटेल.

कार्डे

तीन बाय पाच इंचांची जाड कागदाची कार्डे स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. त्यांवर वचने छापलेले तयार संचही मिळतात. तयार संच घेऊ नयेत. त्यांत अभिवचनेच असतात, तीही मागचा-पुढचा संदर्भ तोडून. आणि ती एखाद्या विशिष्ट विचाराला उत्तर म्हणून निवडलेली नसतात.

अरण्यात येशूने सैतानाला तीन वेळा उत्तर दिले, तिन्ही वेळा 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून. आणि सैतानानेही मध्ये एक वचन वापरले, एक्याण्णवाव्या स्तोत्रातले. वचन हातात असणे पुरेसे नसते. कोणत्या विचाराला कोणते वचन, हे ठरलेले असावे लागते. इव्हाग्रियसनेही हेच केले होते: मनाला छळणारे आठ प्रकारचे विचार आणि प्रत्येकाला पवित्र शास्त्रातली उत्तरे, अशी त्याने यादीच बनवली होती.

म्हणून कार्ड घरी बनवावे. पुढच्या बाजूला तो विचार, अगदी मनात येतो त्याच शब्दांत. मागच्या बाजूला पूर्ण वचन, संदर्भासह. पुढे 'एवढे दिवस मागून काय झाले?', मागे दानीएल १०:१२. पुढे 'असल्या क्षुल्लक गोष्टीसाठी देवाला कशाला त्रास?', मागे १ पेत्र ५:७. पुढे 'काल जे केले त्यानंतर आज कुठल्या तोंडाने बसू?', मागे इब्री ४:१५-१६ आणि १ योहान १:९. पुढे 'झोप येतेय, उद्या करू', मागे मार्क १४:३८, जिथे शिष्यांना तासभरही जागता आले नाही, तरी प्रभू तिसऱ्यांदासुद्धा त्यांच्याकडे परत आला. बारा कार्डे पुष्कळ झाली. त्याहून जास्त झाली की वेळेवर सापडत नाहीत.

लूकच्या अठराव्या अध्यायातला, न्यायासाठी न्यायाधीशाकडे सारखी जाणाऱ्या विधवेचा दाखला कार्डावर घ्यायचा असेल तर आठवे वचन सोडू नये. चिकाटी म्हणजे देवाला जेरीस आणणे असा गैरसमज अर्धा दाखला वाचल्याने होतो. अन्यायी न्यायाधीशसुद्धा ऐकतो, तर देव किती अधिक, असा तिथला मुद्दा आहे.

कार्डांचा दोष एकच: ती मंत्रासारखी पुटपुटली जाऊ शकतात. वचन वाचून झाल्यावर त्याच अर्थाचे स्वतःचे एक वाक्य देवाला बोलायचे, तरच कार्ड बाजूला ठेवायचे.

ॲप

यावर फार लिहिण्यासारखे नाही. गजर म्हणून उत्तम, विनंत्या पाठवायला सोयीचे, वाचनक्रम देण्यात वहीपेक्षा सरस. पण 'सलग इतके दिवस' मोजणारा आकडा बंद करता येत नसेल तर ॲप काढून टाकावे. तारीखवार वहीचाच तो दोष आहे, फक्त तो खिशातून टोचत राहतो; आणि आकडा चढत असेल तेव्हा गर्व, तुटला की निराशा, दोन्हीकडून नुकसान. गजर लावून फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, एअरप्लेन मोडवर ठेवावा. विनंत्यांची यादी फोनमध्येच असेल तर बसण्याआधी ती कागदावर उतरवून घ्यावी, नाहीतर तिसऱ्या विनंतीला एखादा संदेश येतो आणि प्रार्थना तिथेच संपते.

प्रार्थनासाखळी

चारांतले सर्वांत बळकट आणि सर्वांत लवकर मोडणारे साधन हेच. बळकट का, ते रफीदीमच्या टेकडीवर दिसते. खाली अमालेक्यांशी लढाई चालू होती आणि मोशेचे हात वर असत तोवर इस्राएल वरचढ. हात जड झाले तेव्हा त्याला बसायला धोंडा दिला आणि अहरोन व हूर यांनी दोन्ही बाजूंनी हात धरले, सूर्य मावळेपर्यंत. पौलाने ढालीसाठी जो ग्रीक शब्द वापरला आहे तो लहान गोल ढालीचा नाही, दारासारख्या उंच ढालीचा आहे. अशी ढाल शेजारच्याच्या ढालीला भिडवून रांग उभी करता येते. आणि पेत्र सैतानाचा प्रतिकार करायला सांगतो तेव्हा आधार म्हणून हेच देतो, की जगभरातले तुमचे बंधुवर्ग तीच दुःखे भोगत आहेत.

साखळीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना जर्मनीतल्या हेर्नहूट गावचा. तिथल्या मोरावियन मंडळीत २७ ऑगस्ट १७२७ रोजी २४ पुरुष आणि २४ स्त्रियांनी प्रत्येकी एक तास वाटून घेतला आणि ती जागरणाची प्रार्थना शंभर वर्षांहून अधिक चालली. त्यातला आकडा पाहण्यासारखा आहे. चोवीस तासांना अठ्ठेचाळीस माणसे, म्हणजे प्रत्येक तासाला दोघे. आज बहुतेक साखळ्या प्रत्येक तासाला एकच नाव लावतात, आणि तिथेच मोडतात. एकट्याला ताप आला, पाहुणे आले, झोप लागली, की कडी निखळते. आणि निखळलेली कोणाला कळतही नाही.

बारा जण असतील तर चोवीस तासांचा हट्ट धरू नये. अर्ध्या तासाच्या सहा पाळ्या, प्रत्येकीत दोघे, म्हणजे तीन तास. रोज संध्याकाळी सहा ते नऊ एवढी साखळी वर्षभर चालली तर ती महिन्यातून एकदा होणाऱ्या आणि पहाटे दोन ते चारमध्ये तुटणाऱ्या रात्रभराच्या साखळीपेक्षा खूप चांगली. रात्रभराची करायचीच असेल तर दोन ते चारची पाळी तिघांची ठेवावी, शक्यतो एकत्र बसून, दिवे लावून, उभ्याने आणि मोठ्या आवाजात.

पाळी संपली की पुढच्याला एक ओळीचा निरोप जावा: 'चौथ्या मुद्द्यापर्यंत झाले.' त्याचे 'बसलो' असे उत्तर आल्यावरच आधीच्याने उठावे. दर सहा जणांमागे एक राखीव असावा. विनंतीपत्रक आठवड्याला एक, त्यात सातच मुद्दे. पत्रक लिहिणारी व्यक्ती एकच असावी आणि तिला मुद्दे खोडण्याचा अधिकार असावा, कारण साखळीचे पत्रक वाढत जाते, कमी कधीच होत नाही. दर आठवड्याला पहिली ओळ उत्तरांची असावी. उत्तरे कळवली जात नाहीत तिथे माणसे न भांडता, न सांगता गळत जातात.

गुप्ततेबाबत अजिबात ढिलाई नको. 'एका बहिणीच्या घरातल्या शांतीसाठी' एवढे लिहिणे पुरेसे असते. देवाला तपशील ठाऊक आहे. नाव, आजार, नवऱ्याचे व्यसन असे सगळे पत्रकात आले की ती प्रार्थना राहत नाही, चहाडी होते, आणि ज्याच्यासाठी प्रार्थना करायची तोच माणूस मंडळीपासून तुटतो. शत्रूला बाहेरून काही करावेच लागत नाही.

फोनवरून किंवा ऑनलाइन प्रार्थना करून देणाऱ्या सेवांना दोन प्रश्न विचारावेत. तुम्ही माझ्याबरोबर प्रार्थना करता, की माझ्याऐवजी? आणि यासाठी पैसे, विशेष तेल, विशेष पाणी, 'बंधन तोडण्याची' वेगळी बैठक असे काही लागते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर तिथे थांबू नये. देवाचे दान पैशांनी मिळते असे समजणाऱ्या शिमोनाला पेत्राने काय सुनावले, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आहे. एपफ्रास दूर पौलापाशी राहून कलस्सैच्या मंडळीसाठी प्रार्थनेत झगडत होता. त्याने तिथल्या लोकांची प्रार्थना काढून घेतली नाही, त्यांच्या पाठीशी तो उभा राहिला. सेवा अशी असावी.

यांपैकी कशानेही न भागणारी गोष्ट

महिनोन्‌महिने झोप न येणे, जेवण तुटणे, जगावेसे न वाटणे, नसलेले आवाज ऐकू येणे: यावर वही, कार्ड किंवा साखळी हे औषध नाही. डॉक्टरांकडे जायलाच हवे, आणि साखळीने त्या माणसाबरोबर दवाखान्यातही जावे. कर्मेल डोंगरावर आपल्या चाकराला सात वेळा समुद्राकडे पाहायला पाठवणारा, सातव्या खेपेला तळहाताएवढा ढग दिसेपर्यंत न हललेला एलीया पुढच्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवाने त्याला प्रार्थनेची शिस्त शिकवली नाही. दूताने त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिले आणि मध्ये झोपू दिले. थकवा हा थकवाच असतो. त्याला हल्ला म्हणून विश्रांती नाकारली की खरा हल्ला सोपा होतो.

कोणी काय घ्यावे

एकट्याने सुरुवात करणाऱ्याने कोरी वही आणि चार कार्डे घ्यावीत. बारा पुढे होतील. ज्याची प्रार्थना दोन-तीनदा सुटली आहे त्याने वहीआधी एक जोडीदार शोधावा, आठवड्यातून एकदा वीस मिनिटे. इग्नेशियसच्या मते शत्रूला सगळ्यात जास्त नको असते ते हे, की त्याने कानात सांगितलेले आपण कोणा शहाण्या माणसाजवळ उघड बोलावे. घरात लहान मुले असलेल्यांनी अर्ध्या तासाचे दोन तुकडे करावेत, स्तोत्र आणि पापकबुली सकाळी, विनंत्या रात्री. मंडळीने साखळी सुरू करताना मुदत ठरवावी: चाळीस दिवस, मग एक आठवडा विश्रांती, मग ज्यांना पुन्हा यायचे आहे त्यांची नवी नावे.

इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या अठराव्या वचनात 'तत्परता' म्हणून जो शब्द आला आहे, त्याचेच क्रियापद मार्कच्या तिसऱ्या अध्यायात एका होडीसाठी आले आहे. गर्दीने चेंगरू नये म्हणून येशूने शिष्यांना ती जवळ तयार ठेवायला सांगितले होते. वही तशीच ठेवावी: कपाटात नाही, उशाशी, आजच्या पानावर पेन अडकवून, आणि रोजच्या पाच विनंत्यांचे पान क्लिप लावून वर.